आधी उघडा, मग बसा

बंदुकीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. कानस चालली की बाकाखाली लोखंडाचा कीस साचतो, संध्याकाळी झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा. किश्शांचंही तसंच. फरक एवढाच, की कीस निदान कामातून पडतो. किस्से बिनकामाच्या माणसांतून पडतात!

ठासणीची बंदूक घेऊन शेतकरी येतो. रानडुकरांनी त्याचा मका लोळवलेला असतो, त्याला घाई असते. काम करून घेतो आणि जातो. त्याचा किस्सा होत नाही. किस्सा होतो तो कमरेला रिव्हॉल्वर नाहीतर कोटाच्या खिशात पिस्तूल बाळगणाऱ्यांचा. ही मंडळी काम नसतानाही येतात, भिंतीलगतच्या बाकावर बसतात, चहा मागवतात आणि 'हल्लीची हत्यारं' या विषयावर एकमेकांची डोकी खातात.

मी इंटरला कॉलेज सोडलं. घरी त्यावर अजून बैठका होतात, मी हजर नसतो. पिंप्राळ्याहून सायकल हाणत जळगावात येतो आणि नानांच्या दुकानात काम करतो. नाना म्हणजे दुकानाचे मालक. हातात कसब असं, की चापाची मोडकी कमान, म्हणजे स्प्रिंग, द्या, नवी करून देतील. पण परवानेवाला मोठा माणूस दारात आला की नानांचा कणा मेणाचा होतो.

बाकावरचे ठरलेले चौघे. चोपड्याकडचे आबा, जुन्या पाटीलकीतले, यांचं सहा घरांचं रिव्हॉल्वर. जळगावचेच वकीलसाहेब, यांचं नवंकोरं ऑटोमॅटिक. एक रिटायर फौजदार. आणि धुळ्याचे सराफ शेटजी, जे आबांचं ऐकतात आणि वकिलांसारखं विकत घेतात. आबांचा पक्ष रिव्हॉल्वरचा, वकिलांचा ऑटोमॅटिकचा. वाद वर्षानुवर्षं चालू. आणि चौघांपैकी एकालाही आपलं हत्यार स्वतः खोलून पुसता येत नाही!

*

वकीलसाहेबांचं ऑटोमॅटिक पहिल्यांदा दुकानात आलं तो दिवस. खोबरेल लावल्यासारखं चकचकीत. साहेबांनी खिशातून काढलं आणि आबांच्या रिव्हॉल्वरकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी लोक बैलगाडीकडे मोटारीतून बघतात.

"आबा, तुमचं ते भरायला वेळ, रिकामं करायला वेळ. हे बघा," असं म्हणून त्यांनी मुठीतलं काडतुसांचं मॅगझीन सर्रकन खाली ओढलं. "झालं रिकामं! एका सेकंदात. याला म्हणतात मॉडर्न डिझाइन."

मी म्हणालो, "साहेब, नळीत एक राहिलं असेल. वरचा भाग मागे ओढून बघा."

"तू कॉलेजात किती शिकलास?" साहेबांनी विचारलं. बाकावर हशा.

तेवढ्यात चहावाल्यानं रस्त्यावरून हाक मारली. मी स्टुलावरून उठलो आणि दारापर्यंत गेलो. वकीलसाहेबांनी 'चाप किती हलका आहे' ते दाखवायला चाप ओढला.

दुकान दणाणलं. मी ज्या स्टुलावर बसलो होतो, त्याच्यामागच्या चिंध्यांच्या पोत्यातून धूर निघत होता. माझी पाठ असते ना, बरोबर त्या उंचीवर!

मग फौजदार म्हणाले, "मी रिटायर आहे. मला काही ऐकू आलं नाही."

आबा म्हणाले, "पोऱ्या नशीबवान शे."

आणि वकीलसाहेब? हातातलं मॅगझीन सगळ्यांना दाखवत म्हणाले, "कायद्यानं पाहिलं तर ते रिकामंच होतं!"

*

त्या दिवशी मी ठरवलं. नशीब माझं आणि पिस्तूल यांचं, ही वाटणी मला मंजूर नव्हती.

मी देवदाराचं खोकं आणलं, गिरणा नदीची वाळू चाळून गळ्यापर्यंत भरली आणि दाराशी उभं केलं. वर खडूनं लिहिलं : 'आधी उघडा, मग बसा.' म्हणजे कोणीही असो, हत्यार घेऊन आत यायचं तर दाराशी नळी वाळूकडे करायची, उघडायचं, रिकामं करायचं, वाळूत एकदा चाप ओढून खात्री द्यायची. मगच बाक.

नानांनी ते वाचलं आणि खोकं पायानं आत सरकवलं.

"पाटलाला दारात झडती द्यायला लावतोस? उद्या इथं कोण येईल?"

"ज्याला जिवंत घरी जायचंय तो येईल."

"आबा गेले की चोपड्यापर्यंतची सगळी गिऱ्हाइकं गेली. कळतं का तुला?"

"आणि मी गेलो असतो तर?"

नानांनी कमान पुन्हा घासायला घेतली. मग म्हणाले, "दसऱ्यापर्यंत खोकं मागे ठेव. दसऱ्याला सगळे शस्त्रपूजेला येतील. तेव्हा लाव तुझा नियम. आबा आत येऊन बसले तर नियम दुकानाचा. आबा दारातून परत फिरले, तर त्यांच्या मागोमाग तूही निघायचं."

मी म्हटलं, "कबूल." इंटरला कॉलेज सोडलेल्या पोराला दुसरं दुकान कोण देणार होतं, हे मला ठाऊक होतं. नानांनाही ठाऊक होतं. पण कबूल म्हणजे कबूल.

*

आबांना मी आधीच सांगून ठेवायचं ठरवलं. पाठीमागून वार करायची सवय मला नाही.

"आबा, दसऱ्याला दाराशी रिव्हॉल्वर उघडावं लागेल."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. उजव्या हाताची तर्जनी माझ्या नाकासमोर धरली. "हाई दिसस का? हाईच सेफ्टी शे रे भो! बाकी बठ्ठा पोरखेळ. खटके, कळा, बटनं! मन्हा रिव्हॉल्वरले एक बी खटका नही. बोट चापवर गयं नही, तर गोळी सुटस नही."

बाकावर माना डोलल्या. वकीलसाहेबसुद्धा डोलले, म्हणजे बघा.

मी विचारलं, "मग तुमच्या डाव्या पायाची करंगळी कुठे गेली, आबा?"

नानांच्या हातातली कानस थांबली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी काढत नव्हतं.

आबा म्हणाले, "ती बोटनी चूक नव्हती! रिव्हॉल्वर खुंटीवरथून पडनं, घोडावर आपटनं, आनि सुटनं."

"म्हणजे बोट चापावर नव्हतंच?"

"बोट कसं राही? मी खाटवर बसेल व्हतू!"

"मग सेफ्टी कुठे होती?"

आबांनी डावा पाय धोतराखाली ओढून घेतला. शेवटी म्हणाले, "खाटवर!"

*

पण करंगळी गेल्यावर आबा एक गोष्ट शिकले, तेवढं त्यांना दिलं पाहिजे. घोड्याखालचं एक घर कायम रिकामं ठेवायचं. सहा घरांत पाचच काडतुसं. मग रिव्हॉल्वर पडलं, घोड्यावर आपटलं, तरी खाली काही नाही. जुन्या रिव्हॉल्वरसाठी ही अक्कल सोळा आणे बरोबर.

पुढे शेटजींनी धुळ्याला ऑटोमॅटिक घेतलं. घेतलं वकिलांचं बघून, आणि वापरायचं कसं ते विचारलं आबांना! आबांनी सांगितलं, "एक घर रिकामं ठेवनं."

शेटजींनी ठेवलं. मॅगझीनमधून एक काडतूस काढून टाकलं. बाकीची नळीपर्यंत चढवलेली. एक कमी भरलं म्हणजे पहिला चाप फुकट जाणार, अशी त्यांची पक्की समजूत. मॅगझीनला घरं नसतात, ती एक उभी चळत असते, कमी भरली तर ती शेवटी संपते, सुरुवातीला नाही, हे त्यांना सांगायचं कोणी? मी सांगितलं होतं. पण मी काय, कॉलेज सोडलेला.

शेटजींच्या मुलीचं लग्न धुळ्यातच झालं. नवरदेव मांडवात यायला, बँड वाजायला आणि शेटजींच्या अंगात यायला एकच गाठ पडली. पिस्तूल काढलं. बायका किंचाळल्या. शेटजी हसले, "घाबरू नका हो! पहिला रिकामा असतो." आणि नळी कुठे आहे तेही न बघता चाप ओढला.

गोळी गेली मोठ्या ड्रममधून, आरपार. ड्रमवाला होता शेजारी, तपकीर ओढायला ड्रम खाली ठेवून उभा राहिलेला. त्यानं भोकातून इकडून तिकडे बघितलं, शेटजींकडे बघितलं आणि म्हणाला, "शेट, वाजवायचाच होता तर मला सांगायचं!"

*

सभ्य माणसांचा एक किस्सा. छोटाच आहे, पण मी तो आठवला की अजून मान झटकतो.

फौजदारांकडेही पिस्तूल होतं, जुन्या घडणीचं. एके दिवशी त्यांना आणि वकीलसाहेबांना एकमेकांची हत्यारं बघायची हौस आली. अदलाबदल झाली. "काय वजन आहे!" "काय मूठ आहे!" वगैरे झालं. परत देताना दोघांनीही मोठ्या अदबीनं अंगठ्यानं खटका फिरवला, समोरच्याचं पिस्तूल सेफ करून द्यावं म्हणून.

आता वकिलांच्या पिस्तुलाचा खटका खाली केला की बंद. फौजदारांचा वर केला की बंद. दोघांनीही आपल्या सवयीप्रमाणे फिरवला.

दोन्ही पिस्तुलं आधी बंद होती. सभ्यपणा आटोपला तेव्हा दोन्ही सुटायला तयार होती!

मी ओरडलो तेव्हा दोघांचाही सूर एकच निघाला, "यांच्या पिस्तुलाचा खटका उलटा आहे!"

*

फौजदारांच्या त्याच पिस्तुलाला आणखी एक गंमत होती. मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी. तळहातानं मूठ नीट आवळली, पट्टी दबली, तरच चाप चालतो. हातातून पडलं, पोरानं नुसतं चाप ओढून पाहिलं, तर काही होत नाही. ज्यानं कोणी ही युक्ती काढली त्याच्या पाया पडावं, असं मला वाटतं. मी सहसा कोणाच्या पाया पडत नाही.

एकदा मी ते पिस्तूल रिकामं करून साफ करायला घेतलं. मूठ लाल. हळदीकुंकवानं माखलेली, दोऱ्यानं गुंडाळलेली. फौजदार दर दसऱ्याला हत्याराच्या मुठीला लाल नाडा बांधत. आणि पूजेचा नाडा काढायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. नव्या वर्षी जुन्यावर नवा. किती दसऱ्यांचे थर होते कोण जाणे! सगळे असे आवळून बांधलेले, की ती मागची पट्टी कायमची दाबली गेली होती. ज्या युक्तीनं पिस्तूल सांभाळायचं, ती युक्ती फौजदारांनी दरवर्षी देवासमोर बसून, मंत्र म्हणत, थोडी थोडी बंद पाडली होती.

मी कात्री घेतली आणि सगळे थर कापून काढले. पट्टी टक्कन बाहेर आली.

फौजदार उभेच राहिले. "अरे, देवाचा धागा कापलास? असा? पंचांग न बघता? नाडा उतरवायला मुहूर्त लागतो!"

मी म्हटलं, "साहेब, गोळी सुटायला लागत नाही."

*

अक्का या सगळ्यांत उपऱ्या. सावद्याकडच्या, केळीच्या बागा, मालक वारल्यावर परवाना स्वतःच्या नावावर करून घेतलेल्या. घर बागेत एका बाजूला, म्हणून पिस्तूल. त्या दुकानात आल्या तेव्हा बाकावरच्या चौघांना एकदम कंठ फुटला. बाईमाणसानं कुठलं पिस्तूल घ्यावं, यावर मतंच मतं! नाजूक घ्या. हलकं घ्या. शेटजी तर म्हणाले, मुठीला शिंपला लावलेलं घ्या, दागिन्यासारखं दिसतं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "भाऊ, अंधारात मले हाताले कळलं पाहिजे, भरेल हाये का रिकामं. असं काही हाये का?"

होतं. एका पिस्तुलात नळीत काडतूस असलं की मागे एक बारीक खिळा वर येतो. बोट फिरवलं की लागतो. रिकामं असलं की सपाट. अक्कांनी डोळे मिटून बोट फिरवलं. मी काडतूस घालून दिलं, पुन्हा फिरवलं. मग काढून दिलं, पुन्हा. "हेच पाहिजे," म्हणाल्या.

वकीलसाहेबांना राहवलं नाही. "अक्का, असल्या टाचण्या भित्र्या लोकांसाठी असतात. ज्याचं हत्यार त्याला पाठ असतं. माझ्या घरी मी उशाशी भरलेलं ठेवून झोपतो."

अक्का पिशवीची नाडी आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्या घरात नातवंडं हायेत, वकीलसाहेब. तुमच्या घरात कोन हाये?"

वकीलसाहेबांना मूलबाळ होतं. तीन होती. त्या दिवशी ते चहा न पिता उठले, आणि मला वाटतं सरळ घरी गेले.

*

आणि मग दसरा आला.

नानांनी पाट मांडला, झेंडूची तोरणं लावली. मी खोकं दाराशी आणून ठेवलं आणि खडूची अक्षरं पुन्हा गिरवली. सकाळपासून माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. नानांनी माझा हिशेब आदल्याच दिवशी करून ठेवला होता.

अक्का पहिल्या आल्या. मॅगझीन काढलं, नळी उघडली, वाळूत चाप ओढला आणि आत जाऊन बसल्या. वकीलसाहेब आले. खोक्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि पिस्तूल काढून खोक्यावर वाकले. ते वाकले म्हणून फौजदार वाकले. शेटजी येणार नव्हते; मांडवातल्या प्रकारानंतर त्यांच्या घरच्यांनी पिस्तूल कुलपात टाकलं होतं.

राहिले आबा. पाटावर पहिलं हत्यार आबांचं ठेवायचं, ही दुकानाची नानांच्या वडिलांपासूनची रीत. त्यामुळे बाकीची हत्यारं तशीच मांडीवर घेऊन सगळे दाराकडे बघत बसले.

आबा आले. धुतलेलं धोतर, फेटा, कमरेला रिव्हॉल्वर. बोटाला धरून नात, नवं परकर-पोलकं घातलेली, मुठीत आपट्याची पानं. सगळ्यांना सोनं वाटायला आलेली.

मी दारात उभा राहिलो.

"आबा, आधी उघडा."

"रिकामं शे."

"मग उघडायला काय हरकत आहे?"

"सांगं ना, रिकामं शे! सकायले सोता पुसीसन आनेल शे. आबाना शब्द शे हाऊ."

"शब्द आत येऊ द्या. रिव्हॉल्वर उघडल्याशिवाय नाही."

आतून नाना ओरडले, "बाजूला हो! आबा, तुम्ही या हो आत. पोरगं उद्यापासून नाही इथं."

मी हललो नाही. दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभा. आबांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मन्हा बाप, मन्हा आजा, असं काहीतरी सुरू झालं. गावात कोणी त्यांना दारात थांबवलं नव्हतं, साहेबाच्या बंगल्यावरसुद्धा नाही. रस्त्यावर माणसं थांबायला लागली. आबांनी कमरेचं रिव्हॉल्वर काढलं आणि माझ्या छातीसमोर नाचवत म्हणाले, "रिकामं! रिकामं! कितींदा सांगू तुले?"

नळीचं तोंड मला दिसत होतं. पण चौकट सोडली नाही.

"खरंच रिकामं आहे, आबा?"

"शे!"

"मग नातीच्या हातात द्या."

पोरीनं आजोबांकडे वर बघितलं आणि पानं एका मुठीत घेऊन दुसरा हात पुढे केला. तिला वाटलं, खरंच द्यायचंय.

आबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग तिला दोन्ही खांद्यांना धरून माझ्यामागे, दुकानात ढकललं. खोक्यासमोर गेले, उघडायचं तर नाहीच म्हणून नळी तशीच वाळूत रोवली आणि माझ्यावर डोळे रोखून चाप ओढला.

टक्.

"आयकं?" आबा म्हणाले.

पुन्हा ओढला. टक्.

"आते बोल!"

पुन्हा. टक्. आतून नाना म्हणाले, "झालं समाधान? उचल तुझा डबा." वकीलसाहेब माझ्याकडे बघेनात. आबा हसायला लागले होते. मिशी वर करून, रस्त्यावरच्या लोकांकडे वळून बघत, मला खिजवायला म्हणून त्यांनी आणखी एकदा चाप ओढला.

खोक्याची एक फळी उडून रस्त्यावर पडली. वाळूचा लोट उठला आणि सगळा आबांच्या तोंडावर, फेट्यावर, मिशीत. आत पोरगी रडायला लागली. अक्कांनी तिला मांडीवर घेतलं.

धूर निवळला. आबा तसेच वाकलेले. मग सावकाश सरळ झाले. रिव्हॉल्वर उघडलं, सगळी घरं एकेक करून उन्हाकडे धरून पाहिली आणि उघडंच माझ्या हातात दिलं. डोळ्यांतली वाळू पुसली. आत गेले, बाकावरच्या आपल्या जागेवर बसले आणि नानांना म्हणाले,

"नाना, पेटी लहान शे. मोठी कर."